सरकणारा शिंपी

कुमुद पहाटे गेली. सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरव्या साडीत न्यायचं ठरलं. ब्लाउज शिंप्याकडे होता, तो आणायला तिचे यजमान सदानंद लोणकर दहा वाजता पेठेत आले, तर शिंप्याच्या जागी चपलांचं दुकान उभं.

पेठ सुधारल्यापासून सगळी दुकानं रुळांवर होती. गर्दी वाढली की ती आपोआप सरकायची. रस्ता मोकळा व्हायचा आणि गिऱ्हाईकही सगळ्यांना सारखं मिळायचं.

"काका, फोनवर बघा ना," चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"फोन म्हणतो, शिंपी इथंच आहे."

"मग आत्ताच निघाला असेल."

"दुकान आहे की वरात?"

तासाभराने शिंपी नदीकाठी सापडला.

"दे रे दत्तू, चारला न्यायचंय तिला."

दत्तूने मान खाली घातली. "काका, दुकान हलताना वीज बंद करतात. सकाळपासून चारदा हललंय. मशीन चालवू कधी?"

"मग हाताने शिव. मी इथून हलत नाही," लोणकर स्टुलावर बसत म्हणाले.

दत्तूने सुई ओवली. दिवा गेला आणि दुकान पुन्हा सरकू लागलं.

उजवी बाही अजून लावायची होती.