घशाचं ऑपरेशन

आईच्या घशाचं ऑपरेशन झालंय, महिनाभर बोलायला मनाई आहे, असं अंकुरनं अमरावती यायच्या आधीच गाडीत सांगून टाकलं. त्याच्या वर्गातली इथिओपियाची सेलाम हळहळली. तिनं राजापेठेत गाडी थांबवायला लावून मधाची बाटली घेतली. पुण्याची मैथिली म्हणाली, "अरे, मग त्यांना स्वयंपाकाचा त्रास कशाला?"

सुभद्राच्या घशाला काहीएक झालेलं नव्हतं. वरूडजवळच्या त्या गावात तिची हाक चार घरं ओलांडून जायची. पण अंकुरच्या विद्यापीठात तीस देशांची मुलं आपापल्या ढंगानं इंग्रजी बोलत आणि त्यांना कुणी हसत नसे. तो मात्र पहिल्याच आठवड्यात वऱ्हाडीत "मी करून राहिलो" म्हणाला आणि वर्गातली मराठी मुलं हसली. मैथिली सगळ्यांत आधी हसली होती.

म्हणून सकाळीच त्यानं घरी फोन केला होता. संत्र्याची तोड सुरू असल्यामुळे वडील बागेत, त्यांचा बंदोबस्त आपोआप झाला होता. राहिली आई.

"कावून रे, बोलू कावून नाही?" तिनं विचारलं होतं. पोरी आपल्या बोलण्याला हसतील, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ताटात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तिच्या घरून पाहुणा आग्रहावाचून कधी उठला नव्हता. आज ती नुसतं तूप वाढत होती, दोनदा, तीनदा.

सेलामनं हातातला घास खाली ठेवला. पाठ केलेलं आठवत, एकेक शब्द सावकाश सोडत ती म्हणाली, "मावशी, रोडगे लय चांगले झाले. तुमी कावून उभ्या राहून राहिल्या? बसा ना जेवाले."

अंकुरचा हात ताटातच थांबला.

"मेसच्या ललिताबाई अकोल्याच्या आहेत ना, त्यांनी शिकवलं," सेलाम इंग्रजीत सांगू लागली. "आठ दिवस घोकतेय. जिच्या हातचं खायचं, तिच्याशी तिच्या भाषेत दोन शब्द तरी बोलावेत."

"कसलं गोड आहे हे!" मैथिली म्हणाली. "अंकुर, तू घरी असंच बोलतोस?"

"छे. गावातली जुनी माणसं बोलतात."

हे सुभद्रानंही ऐकलं. पण ती सेलामकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला होता. ती एक पाऊल पुढे आली, ओठ हलले, आणि मग तिनं अंकुरकडे पाहिलं.

'बोल, आई' एवढंच म्हणायचं होतं. अंकुरनं मान खाली घातली आणि भाजीतलं वांगं उगाच चिवडत बसला.

सुभद्रानं गळ्यावर हात ठेवला, त्यानं फोनवर सांगितलं होतं तसा. मान हलवली. सेलामच्या ताटात आणखी एक रोडगा कुस्करून त्यावर तुपाची धार धरली, ती थांबवायचं तिला भानच राहिलं नाही. सेलामनं उठून तिचा हात धरला आणि मधाची बाटली त्या हातात ठेवली. आपल्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याची आपण किती छी थू केली असती, हे त्याला लख्ख कळत होतं. तरी त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दोघी गाडीत जाऊन बसल्या. संत्र्यांची पिशवी राहिली म्हणून अंकुर परत आत आला. सुभद्रा बाटली दोन्ही हातांत धरून तिथंच उभी होती. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तिनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, त्याच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजत विचारलं,

"बापू, बोलू का आता?"