पथ्याची खूण

औषधांचा भाग संगणकावरच्या जुन्या प्रोग्रॅममधून वेगळा काढला आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याच्या याद्या कोऱ्याच छापून आल्या. कुणाला अळणी, कुणाला बिनसाखरेचं, काही पत्ता नाही. संगणक विभागातल्या ताईंनी तासाभरात सगळं पूर्ववत केलं.

तीस वर्षांचा तो प्रोग्रॅम तोडून त्याचे सुटे भाग करायची जबाबदारी त्यांची होती. कशात काय गुंतलंय हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. प्रोग्रॅमच्या माथ्यावर तो लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता घरचा एक फोन नंबर होता. ताईंनी तो फिरवला.

“बोला, काय अडलंय?” पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून ते काका रोज दहाच्या ठोक्याला रुग्णालयात हजर. वहीत प्रश्न उतरवून घ्यायचे, अक्षर न् अक्षर तपासायचे आणि म्हणायचे, “उद्या सांगतो.”

“काका, समोरच तर आहे सगळं. आत्ताच सांगा की!” ताईंचे सहकारी चेष्टा करत.

“घाईत चुकलो तर कुणाच्या तरी ताटात साखर जाईल, बाबांनो.”

दुसऱ्या दिवशी मात्र उत्तर बिनचूक असे. “नावापुढच्या तीन मोकळ्या जागा काढू नका. पथ्याची खूण तिथे बसते.” ताईंनी कपाळावर हात मारला. औषधांचा भाग काढताना त्या जागा त्यांनीच केर समजून झाडून टाकल्या होत्या.

चार महिन्यांत प्रोग्रॅमचे अकरा भाग झाले. एकाही रुग्णाचं ताट चुकलं नाही. जुना प्रोग्रॅम बंद केला त्या दुपारी ताईंनी काकांना चहा दिला.

“सुटलात बघा काका. आता तुम्हाला त्रास नाही.”

काकांचा चेहरा पडला. “एखादा प्रश्न राहिला असेल की.”

“नाही हो, सगळं मार्गी लागलं.”

“मग खोटाच एखादा लिहून द्या.”

ताई हसल्या. काका हसले नाहीत.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही, ताई. मी इथे रुग्णवाहिका चालवायचो. प्रोग्रॅम बायकोचा. हल्ली ती मला ओळखत नाही, परका समजून खोलीबाहेर घालवते. पण रुग्णालयातून प्रश्न घेऊन आलोय म्हटलं, की शेजारी बसवून घेते.”