घट्टे

टाळ्या थांबेनात. केतकी विंगेत आली, तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या बोटांतून रक्त येत होतं. रेमंडसरांच्या बोटांतली सगळी गिटारविद्या एका यंत्राने काढून एका दुपारी तिच्या बोटांत उतरवली होती. तारांनी पडलेले घट्टे मात्र सरांकडेच राहिले होते. "स्पर्धा झाली की परत करते, सर," असं ती म्हणाली होती. त्याला वर्ष उलटलं.

समोर सरच उभे होते. तिने मान खाली घातली.

"परत मागायला नाही आलो गं," तिच्या बोटांवर फुंकर घालत ते म्हणाले. "मी पुन्हा पहिल्यापासून शिकतोय. पण साधी सी कॉर्ड काही केल्या बोटांत बसत नाही. तुला मी ती कशी शिकवली होती?"

केतकीला आठवेना. तेवढं शिकायचाच कंटाळा आला, म्हणून तर तिने सरांच्या बोटांतली विद्या मागून घेतली होती.