म्हशीने खाल्लेल्या गोळ्या

एल्लम्माची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दात पडू देत. शेजारच्या सायम्माला दिवस गेले, तशी तिची सासू नरसव्वा रोज जेवणानंतर रक्तवाढीची लाल गोळी स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवायची. आईविना वाढलेली पोर ती. गावभर सांगत सुटली, "माझी अत्तम्मा मला आईसारखी जपते."

नववा लागला. नर्सबाईने रक्त तपासलं, ते फारच कमी भरलं. तिने विचारलं, "गोळ्या घेतेस ना? मग संडासला काळं होतं का? या गोळ्यांनी होतंच."

"नाही बाई. गोळी पण गोड असते, बडीशेपेसारखी."

नर्सबाई सासूकडे वळली. "अव्वा, जत्रेतल्या साखरगोळ्या चारल्यात होय हिला? खऱ्या कुठे गेल्या?"

"म्हशीला घातल्या," नरसव्वा पुटपुटली. "गाभण आहे ना ती."

सायम्मा रडली नाही. एवढंच म्हणाली, "अत्तम्मा, मी जीभ पुढे करायची, तेव्हा तुमचा हात नाही हो थरथरला?"

बाळंतपणात बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे ती वाचली. बाळ मांजराच्या पिल्लाएवढं. आणि म्हशीचं रेडकू? जन्मल्या जन्मल्या कुंपण ओलांडून थेट तळ्यावर पोहायला गेलं.

बरं बाई, बघू नका अशा. म्हैस तेवढी माझ्या पदरची. त्या घरात म्हैस नव्हतीच. पहिल्या बाळंतपणाला आलेली नरसव्वाची लेक होती. तिला स्वतःच्या गोळ्या होत्याच, वर सायम्माच्या पण तिलाच, दुप्पट रक्त व्हावं म्हणून. आणि तिचे सुजलेले पाय रोज सायम्माच चेपून द्यायची.