बिनशिक्क्याची फर्माईश

कार्डावर तिकीट नव्हतं. पोस्टाचा शिक्काही नव्हता. निवेदिकेनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ होती, चारही कोपरे टोकदार होते. टपालाच्या थैलीतून आलेल्या कार्डाचे कोपरे असे राहत नाहीत.

“दारावरच्या पेटीत होतं,” रखवालदार म्हणाला. “काल संध्याकाळी पेटी रिकामी केली तेव्हा नव्हतं. आज पाचला कुलूप काढायला आलो, तर हे.”

म्हणजे काल संध्याकाळ ते आज पहाट. तेवढ्या वेळात कधीतरी कार्ड लिहिणारा आकाशवाणीच्या या दारापर्यंत येऊन गेला होता.

मजकूर दरवर्षीचाच होता. ‘सणाच्या सकाळी बासरीची ती जुनी धून ऐकवावी. एक श्रोता.’ नाव नाही, पत्ता नाही. पण आधी सगळी अक्षरं लिहून काढायची आणि मग अख्ख्या ओळीवर एकच रेघ ओढायची, ही खोड तिच्या मुलाला पहिलीपासून होती. त्या खोडीपायी तिनं त्याला किती पानं पुन्हा लिहायला लावली होती.

तो घरातून गेल्यापासूनचं हे चौदावं कार्ड. आधीची तेरा वेगवेगळ्या बंदरांतून आली होती. दर सणाला ती फर्माईश वाचायची, ‘आपल्या एका श्रोत्यासाठी’ एवढंच म्हणायची आणि धून लावायची. मायलेकांचं बोलणं वर्षातून एकदा, तेही चार मिनिटं वीस सेकंद. आता महिनाअखेर ती निवृत्त होत होती. पुढच्या वर्षी कार्ड आलं, तर ते कुणा परक्याच्या हातात पडणार होतं.

“ताई, आज तरी जरा हसत बोला,” काचेपलीकडून तंत्रज्ञाचा आवाज तिच्या कानात आला. “शेवटचा सण आहे तुमचा. म्हणजे, इथला हो!”

ती हसली. लाल दिवा लागला.

पाहुणे दोन होते. इस्पितळातली एक परिचारिका पन्नाशीत पुन्हा गायला लागली होती. तिनं दोन गाणी म्हटली आणि दुसऱ्या गाण्यात श्वास पुरला नाही म्हणून स्वतःच खळखळून हसली. दुसरा होता शहरातला सगळ्यात म्हातारा घड्याळजी.

“बंद पडलेलं घड्याळ लोक लगेच घेऊन येतात,” तो माइकला जवळजवळ नाक लावून म्हणाला. “पण पाच मिनिटं मागे पडणारं वर्षानुवर्षं तसंच वापरतात. मनातल्या मनात पाच मिळवतात नि म्हणतात, चाललंय की! आमचा धंदा त्यानंच बुडाला.”

काचेपलीकडे तंत्रज्ञ पोट धरून हसला. निवेदिकेनं कार्ड उचललं, फर्माईश वाचली, “आपल्या एका श्रोत्यासाठी,” म्हणाली. धून सुरू झाली. लाल दिवा विझला.

“ओळखीचा दिसतोय हा श्रोता,” घड्याळजी म्हणाला.

“कशावरून?”

“बाकीची पत्रं वाचून झाल्यावर तुम्ही बाजूला ठेवलीत. हे अजून हातात आहे.”

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. “मुलगा आहे माझा. चौदा वर्षांपूर्वी रागावून घरातून गेला.”

हे वाक्य तिनं शेजाऱ्यांना सांगितलं होतं, बहिणींना सांगितलं होतं, इथे कँटीनमध्ये सांगितलं होतं. आता ते बोलताना जीभ अडखळतही नव्हती.

“काल तो गावात होता,” ती म्हणाली. “कदाचित अजून असेल.”

“मग बोलवा की!” परिचारिका पुढे झुकली. “ऐकतच असेल तो.”

“माइकवर घरचं बोलायचं नसतं.”

नियम खराच होता. नव्या निवेदकांना तो तीच शिकवायची. माइकवरून आपल्या वडिलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या एका मुलीला तिनं महिनाभर बातमीपत्राला बसू दिलं नव्हतं.

“अहो, नियम गेला खड्ड्यात,” घड्याळजी म्हणाला. “पोर रुसलं तर आईनं हाक मारायची, एवढंच तर आहे. त्यात अवघड काय?”

तिनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला.

धून संपली. लाल दिवा लागला.

ती गप्प होती. प्रक्षेपणात शांतता दहा सेकंदांच्या वर गेली की यंत्र आपोआप राखीव संगीत सुरू करतं आणि माइक बंद होतो. समोरच्या पट्टीवर आकडे चढू लागले. तीन. चार. तंत्रज्ञानं काचेवर टकटक केली. पाच. तिला वाटलं, होऊ दे दहा. दहा झाले की आपल्याला काहीच करावं लागणार नाही. सहा. सात. तंत्रज्ञ दोन्ही हात हलवत होता. परिचारिकेनं टेबलाखाली तिचा हात धरला. आठ.

“ही फर्माईश माझ्या मुलाची होती,” निवेदिका म्हणाली. आवाज तिच्या रोजच्या आवाजासारखा नव्हता. काचेपलीकडचे हात जागच्या जागी थांबले.

“तो रागावून गेला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. तो दारात उभा राहून रडत होता, आणि ‘चालता हो’ असं मी म्हटलं होतं.” तिनं माइक जवळ ओढला. “चुकले रे मी. घरी ये.”