काढलेला पंप

आज पंपाने पेट्रोलचं प्रेशर धरलं नाही, तर वारलेल्या बाबांची ती हवेवर थंड होणाऱ्या, एअर-कूल्ड इंजिनची जुनी गाडी सरळ भंगारात जाणार होती. धाकट्या भावाने तसं ठरवूनच टाकलं होतं.

"ताई, मेलेल्याला सलाईन कशाला लावतेस?"

"तू गप उभा राहा."

ताईने इंजिनवरचा पेट्रोलचा पंपच काढून हातात घेतला. टाकी कोरडी, इंजिन बंद. तरी पंपाच्या नळीला लावलेल्या प्रेशर-मीटरचा काटा वर चढला, पडला, परत चढला, नाडीसारखा.

धाकटा गॅरेजच्या दाराकडे सरकला. "चल बाहेर, ताई."

"का म्हणून? गाडी आपली आहे."

तिच्या हातातल्या पंपाचा दांडा आपसूक हलायला लागला. तिने तो घट्ट आवळून धरला.

"हलतोयस ना? मग चालव गाडी," ती पंपाला म्हणाली.

इंजिन धडधडत सुरू झालं. चावी धाकट्याच्या मुठीत होती.