मूळ इंजिन
पुण्याहून कळंबला आलेल्या जुन्या गाड्यांच्या जाणकारानं राजवर्धनच्या मॉरिस गाडीचं बॉनेट उघडून पितळी पट्टी वाचली. “गाडी एकोणीसशे पन्नासची आहे, पण पट्टीवरचा नंबर या इंजिनाचा नाही. इंजिन बदललंय.” गाडीला रामहरीतात्यांशिवाय कुणा मेस्त्रीचा हात लागला नव्हता. गाडी बघायला जमलेल्या पाहुण्यांदेखत राजवर्धननं म्हाताऱ्याची गचांडी धरली. “कुणाला विकलंस रं आमचं इंजिन?” तेवढ्यात आई धावत आली. “सोड त्यांना! विहिरीवर पडलंय ते इंजिन गाडीचंच हाय. पाण्यावाचून ऊस जळाय लागला, तवा तुज्या वडलांनीच काढून तितं बसवलं. लोक हसतील म्हणून तात्यास्नी शपथ घातली व्हती.” सगळे विहिरीवर गेले. जाणकारानं गंज खरवडून नंबर मोठ्यानं वाचला. पट्टीवरचाच निघाला. “अस्सल आहे,” तो म्हणाला. मागं तात्या छातीवर सदरा आवळून उभे होते. सदऱ्याचं तुटलेलं बटण राजवर्धनच्या मुठीत होतं. मूठ उघडवेना.